निरोगी तरुणांवर संशोधन करताना: एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीला १८ ते २५ वयोगटातल्या निरोगी तरुणांकडून आठ आठवडे रोज संथ श्वसनाचा सराव करून घ्यायचा आहे. त्यामुळे रक्तदाब, हृदयगतीतली विविधता म्हणजे एचआरव्ही (ठोक्या-ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते), आणि सोनोग्राफीवर दिसणारी श्वासपटलाची (छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूची) जाडी बदलते का, हे तिला पाहायचं आहे. सहभागी निरोगी असल्यामुळे गुंतागुंत कमी राहील, ३० जण पुरे होतील आणि आपल्याच विभागातली मुलं घेता येतील, असं तिने गृहीत धरलं आहे. विषय चांगला आहे, जरूर करा. पण ही तिन्ही गृहीतकं सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिण्याआधी तपासून घ्यायला हवीत.

पहिलं गृहीतक सर्वांत महत्त्वाचं, म्हणून त्यावर जास्त लिहितो. निरोगी तरुण शरीर अभ्यासायला सोपं वाटतं, कारण आजार नाही, औषधं नाहीत, वयाची झीज नाही. पण ज्या गुणामुळे ते निरोगी आहे, तोच गुण संशोधकाची कसोटी पाहतो. या वयात शरीराकडे प्रचंड शिल्लक असते. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. व्यायामाची खास सवय नसलेला तरुणही जीव तोडून धावला की हा आकडा वीस लिटरच्या आसपास जातो. म्हणजे तुम्ही त्याला खुर्चीत बसवून मोजता तेव्हा त्याची यंत्रणा जेमतेम पाव क्षमतेने चाललेली असते. त्यात भर म्हणजे, काही बदललं की शरीर ते लगेच भरून काढतं. ज्याचा वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब मुळात ११२ आहे, त्याचा श्वसनाच्या सरावाने १०० व्हावा असं काहीच कारण नाही. उच्च रक्तदाबाच्या रुग्णात जो फरक ठसठशीत दिसेल, तोच इथे फार तर तीन-चार मिलिमीटर (पाऱ्याचे) असेल, कदाचित तेवढाही नाही.

आता या तीन-चार मिलिमीटरच्या शेजारी मोजणीतल्या चुका ठेवून पाहा. दंडाला बांधलेला कफ हृदयाच्या पातळीपासून दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर निव्वळ रक्तस्तंभाच्या वजनामुळे रीडिंग सुमारे आठ मिलिमीटरने वाढतं. सहभागीचा हात पहिल्या दिवशी मांडीवर होता आणि आठ आठवड्यांनी टेबलावर, एवढ्यावर तुमचा अख्खा ‘परिणाम’ तयार होतो, तोही हव्या त्या दिशेने! कफ दंडाच्या मानाने लहान पडला तर दाब जास्त दिसतो. कफच्या आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के हवी. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना नेहमीचा कफ बऱ्याचदा पुरत नाही, म्हणून प्रत्येकाचा घेर टेपने मोजून नोंदवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, घडी न घातलेले, पाच मिनिटं शांत बसणं, मूत्राशय रिकामं, मोजताना बोलणं बंद. हे नियम सगळ्यांना पाठ असतात, पण संध्याकाळी चार वाजता आठवा सहभागी आला की पाच मिनिटांची दोन होतात. म्हणून स्टॉपवॉच ठेवा आणि विश्रांतीची वेळ लिहायला फॉर्मवर रकाना ठेवा. रीडिंग एकेका मिनिटाच्या अंतराने तीन घ्या, पहिलं सोडा, पुढच्या दोनांची सरासरी घ्या. हाताने मोजणार असाल तर शेवटच्या आकड्यांची यादी एकदा बघा. ० आणि ५ चीच गर्दी दिसली, तर मोजणारा आकडे गोल करतोय.

कॅफिनचंही तसंच. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याहून बरेच जास्त. ‘सकाळपासून काही घेतलं नाही’ एवढ्यावर विसंबू नका; आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवायला सांगा आणि प्रत्येकाची आधीची व नंतरची मोजणी दिवसाच्या एकाच वेळी करा. झोप, आदल्या दिवशीचा जड व्यायाम, निकोटिन हे सगळं त्याच फॉर्मवर विचारता येतं.

विश्रांतीत फरक दिसत नसेल तर शरीराला थोडं काम द्या, हा माझा दुसरा आग्रह. सर्वांत स्वस्त काम म्हणजे उभं राहणं. आडवा माणूस उभा राहिला की ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त छातीतून खाली, पाय आणि पोटाकडे सरकतं. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत रक्तदाब झपकन खाली येतो, हृदयगती उसळते, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत निरोगी शरीर सगळं सावरून घेतं. पाहण्यासारखं जे आहे ते याच अर्ध्या मिनिटात. साधं स्वयंचलित यंत्र एक रीडिंग घ्यायलाच तीसेक सेकंद घेतं. ते आकडा दाखवेल तोवर घटना संपलेली असते. तेव्हा प्रत्येक ठोक्याचा दाब देणारं बोटाचं यंत्र मिळत असेल तर उत्तम. नसेल तर निदान ईसीजी सतत चालू ठेवा आणि उभं राहिल्यानंतरच्या साधारण पंधराव्या व तिसाव्या ठोक्याजवळच्या आर-आर अंतरांचं (ईसीजीवर लागोपाठच्या दोन ठोक्यांमधल्या वेळेचं) गुणोत्तर काढा. थंड पाण्यात हात बुडवण्याची चाचणीही चांगली आहे, पण दोन गोष्टी पाळा. पाणी ढवळत ठेवा, कारण स्थिर पाण्यात हाताभोवती कोमट थर तयार होतो आणि थंडी कमी लागते. आणि सहभागी दात-ओठ खाऊन श्वास रोखतोय का ते पाहा. श्वास रोखून जोर लावल्याने होणारा दाबातला बदल थंडीच्या नावावर जमा होतो.

आता एचआरव्ही. श्वसनाच्या सरावाच्या अभ्यासांत सर्वाधिक घसरगुंडी इथे होते, आणि तुमचा विषय नेमका तोच आहे. १९९६ साली युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजी आणि तिच्यासोबतच्या अमेरिकी संस्थेच्या टास्क फोर्सने मोजणीचे संकेत घालून दिले. पाच मिनिटांची नोंद, आणि वारंवारतेचे दोन पट्टे: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा एलएफ (संथ चढउतारांचा), ०.१५ ते ०.४ हर्ट्झ हा एचएफ (जलद चढउतारांचा). श्वासाबरोबर हृदयगती वरखाली होते, ती व्हेगस या हृदयाचा वेग कमी करणाऱ्या चेतेमुळे. माणूस मिनिटाला १५ श्वास घेत असेल तर हा चढउतार ०.२५ हर्ट्झवर, म्हणजे एचएफ पट्ट्यात पडतो. म्हणूनच एचएफला व्हेगसची खूण मानतात. पण मिनिटाला ९ पेक्षा कमी श्वास झाले की हीच लाट ०.१५ ची सीमा ओलांडून एलएफमध्ये येते. मिनिटाला ६ श्वास म्हणजे ०.१ हर्ट्झ, पट्ट्याच्या अगदी मध्यावर. व्हेगस पूर्वीइतकीच किंवा जास्तच काम करते आहे, पण सॉफ्टवेअर दाखवतं की एचएफ घटलं, एलएफ भरमसाट वाढलं, गुणोत्तर चढलं. आणि मग प्रबंधात वाक्य येतं: ‘सरावानंतर सिंपथेटिक (शरीराला ताणासाठी सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेचा) प्रभाव वाढला.’ प्रत्यक्षात बदलला तो श्वासाचा वेग.

तुम्ही म्हणाल, मोजणी सरावाच्या वेळी होणारच नाही, सहभागी नेहमीचा श्वास घेत असतील. पण आठ आठवडे संथ श्वास घ्यायला शिकलेला मुलगा प्रयोगशाळेत पडून ‘शांत राहा’ ऐकलं की आपोआप संथ श्वास घेणार. यावर उपाय एकच: छातीला पट्टा लावून श्वसनाची नोंद ईसीजीबरोबरच घ्या. दोन नोंदी करा, एक सहज श्वसनाची आणि एक ठरावीक वेगाची, उदाहरणार्थ मिनिटाला १५, पडद्यावरच्या किंवा आवाजाच्या इशाऱ्यावर. दोन्ही वेळच्या ठरावीक वेगाच्या नोंदींची तुलना करा आणि सहज श्वसनाचा वेग हा स्वतंत्र निष्कर्ष म्हणून मांडा; मला तर तोच अधिक रस वाटण्याजोगा वाटतो. इशाऱ्यावर श्वास घेताना काही जण गरजेपेक्षा खोल श्वास घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. कुणी तसं सांगितलं तर नोंद थांबवा. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याची सोय असेल तर ती वापराच.

एलएफ-एचएफ गुणोत्तर माझ्या मते तुमच्या अभ्यासात नसावंच. एलएफमध्ये रक्तदाब-प्रतिक्षेपाचा (दाब आपोआप सावरणाऱ्या प्रतिक्रियेचा) आणि व्हेगसचा वाटा इतका मोठा आहे की त्याला सिंपथेटिकचं माप म्हणणं टिकत नाही. ईसीजीचं सॅम्पलिंग निदान २५० हर्ट्झ ठेवा, आगंतुक ठोके डोळ्यांनी पाहून काढा, आणि मुख्य मापक एकच आधी ठरवा, म्हणजे आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांच्या अंतरांतल्या फरकांवरून काढलेलं माप) किंवा तत्सम. सॉफ्टवेअर वीसेक आकडे देतं म्हणून वीसही तपासू नका. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० मापकांवर ०.०५ ची पातळी (निव्वळ योगायोगाने ‘परिणाम’ दिसण्याची पाच टक्के मुभा) लावली, तर काहीही परिणाम नसताना निदान एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते.

श्वासपटलाची जाडी हा तुमच्या आराखड्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. शरीररचनेचं आपलं बरंचसं ज्ञान देहदानातून आलेल्या देहांवरचं आहे आणि ते देह बहुतेक वृद्धांचे असतात. जिवंत, तरुण, हालतं श्वासपटल पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. पण ही जाडी आहे अवघी दोनेक मिलिमीटरची. ०.२ मिलिमीटरने कर्सर इकडेतिकडे झाला की दहा टक्के फरक पडला, आणि तुम्हाला अपेक्षित बदल त्याच घरातला आहे. उजवी बाजू घ्या, यकृतामुळे चित्र स्वच्छ मिळतं. उच्च वारंवारतेचा लिनियर प्रोब, साधारण आठव्या-नवव्या बरगडीच्या मधे, काखेच्या पुढच्या रेषेजवळ. दोन चकचकीत समांतर रेषा दिसतात, एक फुप्फुसावरणाची आणि एक उदरावरणाची. मधला काळसर पट्टा म्हणजे स्नायू. सहज उच्छ्वासाच्या शेवटी मोजा, कारण किंचित जरी हवा आत असली तरी स्नायू जाड दिसतो. प्रोब दाबू नका. आठ आठवड्यांनी तीच जागा सापडावी म्हणून पहिल्या दिवशी छातीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवून प्रोबची जागा, आजूबाजूचे तीळ, व्रण, स्तनाग्र हे सगळं मार्करने उतरवून घ्या. त्वचेवरची शाईची खूण आठवडाभरही टिकत नाही. हा कागद वर्षभर टिकतो. आणि मोजणाऱ्याला सहभागी कोणत्या गटातला आहे हे कळता कामा नये.

संख्येचा प्रश्न. ‘३० जण’ हा आकडा प्रबंधांत इतका रुळला आहे की तो कुठून आला असं कुणी विचारतच नाही. हिशोब करून बघू. समजा सिस्टॉलिक दाबाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा आकड्यांचा पसारा) १० आहे, तुम्हाला ४ मिलिमीटरचा फरक पकडायचा आहे, आणि नेहमीची ८० टक्के शक्ती (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) व ५ टक्के पातळी धरली आहे. दोन स्वतंत्र गटांची केवळ शेवटची रीडिंग ताडून पाहिली, तर प्रत्येक गटात सुमारे ९८ जण लागतात. एकाच माणसाची आधीची-नंतरची तुलना केली आणि दोन रीडिंगमधला सहसंबंध ०.७ असेल, तर ३० च्या आसपास पुरतात. म्हणून ३० चा मोह होतो. पण नियंत्रण गट नसलेली आधी-नंतरची तुलना इथे कुचकामी आहे, कारण सराव न करताही दुसऱ्या खेपेला रक्तदाब उतरतो. पहिल्या दिवशी प्रयोगशाळा अनोळखी असते, नंतर सवय होते. तुम्ही पहिल्या तपासणीत १३० च्या वरचे निवडून घेतले असतील तर ते सरासरीकडे आपोआप सरकतात. विद्यार्थ्यांमध्ये आणखी एक गोष्ट: सत्र सुरू होताना पहिली मोजणी आणि परीक्षेच्या तोंडावर दुसरी, असं वेळापत्रक पडलं तर तुम्ही परीक्षेचा ताण मोजाल.

तेव्हा चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. नियंत्रण गटाने तेवढाच वेळ शांत बसावं, श्वास नेहमीसारखा. विश्लेषणात सुरुवातीचं रीडिंग सहचल म्हणून घ्या (म्हणजे त्यामुळे पडणारा फरक हिशोबात वेगळा काढा), सहसंबंध ०.७ असेल तर लागणारी संख्या जवळपास निम्मी होते, गटात पन्नासेक. मधेच सोडून जाणारे धरून साठ. प्रबंधाच्या मुदतीत एवढे जमणार नसतील तर प्रश्न बदला: आठ आठवड्यांऐवजी एका बैठकीतला तात्कालिक परिणाम घ्या, प्रत्येक जण दोन वेगळ्या दिवशी दोन्ही प्रकार करील, क्रम चिठ्ठीने. तिथे प्रत्येक माणूस स्वतःचाच नियंत्रण असतो, आणि कमी संख्येतही नेटकं उत्तर मिळतं.

कमी संख्येला मी नावं ठेवतोय असं समजू नका. १९६६ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस इथे फक्त पाच निरोगी विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं गेलं. त्यांची कमाल ऑक्सिजन-वापराची क्षमता पाव भागाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वाढत्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. पाच माणसं पुरली, कारण परिणाम प्रचंड होता आणि मोजणी अत्यंत काटेकोर होती. तुमचा परिणाम बारीक आहे.

‘निरोगी’ हा शब्द संमतिपत्रात आणि शीर्षकात वापरणार असाल तर तो तपासून वापरा. ‘मला काही आजार नाही’ ही माहिती झाली, तपासणी नव्हे. निदान हिमोग्लोबिन करा: पंडुरोग या वयात, विशेषतः मुलींमध्ये, काही लक्षणं नसताना सहज सापडतो आणि विश्रांतीची हृदयगती वाढवतो. दुसऱ्या टोकाला, ज्याची विश्रांतीची गती ४८ आहे असा धावपटूही तुमच्याकडे येईल. तोही निरोगीच, पण त्याचा एचआरव्ही इतरांशी ताडून पाहता येत नाही. व्यायामाची सवय नोंदवा आणि दोन्ही गटांत ती सारखी विभागली जाईल असं बघा. १८ आणि २५ हेही एक नाहीत. फुप्फुसांची क्षमता विशीच्या पूर्वार्धापर्यंत वाढत असते. मुलींना ‘पाळीमुळे गुंतागुंत होते’ म्हणून वगळण्याची प्रथा मात्र सोडा. अंडोत्सर्गानंतरच्या टप्प्यात शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर असतं, आणि हृदयगतीही थोडी बदलते, हे खरं. पण आठ आठवडे म्हणजे अंदाजे दोन चक्रं. दोन्ही मोजण्या चक्राच्या त्याच टप्प्यावर बसवता येतात. एखाद-दोन दिवसांची लवचिकता आणि गोळ्या चालू आहेत का याची नोंद एवढंच लागतं. अर्धी मानवजात वगळून ‘तरुणांवरचा’ निष्कर्ष लिहिता येत नाही.

आता तिसरं गृहीतक: आपलीच मुलं. हे मला सर्वांत जास्त खटकतं. ज्यांचे अंतर्गत गुण तुमच्या विभागाच्या हातात आहेत, त्यांनी ‘हो’ म्हणणं म्हणजे संमती नव्हे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचा हेलसिंकी जाहीरनामा पहिल्यांदा १९६४ मध्ये स्वीकारला गेला. अशा अवलंबित नात्यात संमती त्या नात्याबाहेरच्या व्यक्तीने घ्यावी, असं तो स्पष्ट सांगतो. दुसऱ्या विभागातून, दुसऱ्या अभ्यासक्रमातून सहभागी घ्या. सूचना फलकावर लावा, वर्गात हात वर करायला लावू नका. मधूनच सोडलं तरी चालेल हे तोंडी सांगा, लेखी सांगा, आणि कुणी सोडलं तर कारण विचारू नका.

धोका नाही, असंही लिहू नका. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात निरोगी लोकांचे वायुमार्ग खुले कसे राहतात याच्या अभ्यासात हेक्झामेथोनियम हे औषध श्वासातून दिलं गेलं, आणि एलेन रोश ही २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका दगावली. ती त्याच विद्यापीठाच्या दमा केंद्रात तंत्रज्ञ होती. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, असे १९५० च्या दशकातले अहवाल उपलब्ध होते. ते शोधात सापडले नव्हते. तुमचा सराव औषधाविना आहे, तुलनाच नाही. पण उभं राहण्याच्या चाचणीत माणूस भोवळ येऊन पडू शकतो. शेजारी माणूस उभा हवा, मागे पलंग हवा.

आणि ज्याला तुम्ही निरोगी म्हणून बोलावलं, त्याचा दाब १४८/९४ निघाला तर? दरवेळी कुणीतरी असा सापडतो. त्याचं नाव यादीतून काढून पुढच्याला बोलावणं पुरेसं नाही. खाजगीत सांगा, घाबरवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आणि तरीही जास्त असेल तर कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचं हे प्रस्तावातच लिहून ठेवा. चांगली एथिक्स कमिटी हा प्रश्न विचारतेच.

काम सुरू कुठून करायचं, तर दहा-बारा जण घ्या, सराव काहीही देऊ नका, आणि एका आठवड्याच्या अंतराने त्यांचं सगळं दोनदा मोजा. प्रत्येकाच्या दोन मोजण्यांतल्या फरकांचं प्रमाण विचलन काढा, त्याला १.९६ ने गुणा. एका माणसात त्याहून लहान बदल दिसला, तर तो तुमच्या हातांना आणि यंत्राला ओळखता येत नाही. श्वासपटलासाठी हा आकडा बहुधा तुम्हाला अस्वस्थ करील; मग आणखी दोन आठवडे केवळ प्रोब धरण्याचा सराव करा आणि परत मोजा. हे झालं की संख्येचा हिशोब माझ्या काल्पनिक १० वरून न करता स्वतःच्या आकड्यांवरून करा, मुख्य मापक एक ठरवा, आणि अभ्यासाची सार्वजनिक नोंदणी पहिल्या सहभागीची सही घेण्याआधी पूर्ण करा. फरक आढळला नाही तरी तो निकाल छापायला पाठवायचा, हे गाइडशी आत्ताच बोलून घ्या.